यशदाच्या शुद्धीकरणातील अवशेष : धातूंची पुनःप्राप्ती आणि भस्मनिर्मात्याची दक्षता

प्रास्ताविक

नाग-वंगांच्या जोडीने पूतिलोहांत गणला जाणारा यशद हा धातू रसशास्त्रात स्वतंत्र नावाने तुलनेने उशिरा अवतरला. रसरत्नसमुच्चयकार त्याला खर्पराचे, म्हणजेच रसकाचे, सत्त्व म्हणून ओळखतात. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र तो सप्तधातूंमध्ये सन्मानाने स्थानापन्न झालेला दिसतो. नेत्रविकार, प्रमेह, कास, पांडू, व्रण अशा अनेक अवस्थांत यशदभस्माचा उपयोग आपण नित्य करतो. सुवर्णमालिनी वसंतासारख्या कल्पात खर्पराचे प्रमाण आठ भाग, म्हणजे सर्व घटकांत अधिक असते आणि अस्सल खर्पर दुर्मीळ झाल्यामुळे बहुतेक निर्माते त्याच्या जागी यशदभस्मच योजतात. त्यामुळे फार्मसीत वर्षभरात खपणाऱ्या यशदाचे प्रमाण वाटते त्याहून मोठे आहे.

असे असूनही, फार्मसीत येणारे जस्त नेमके कोठून आले, कोणत्या प्रक्रियेतून गेले आणि त्याच्यासोबत काय काय आले, याची चौकशी क्वचितच होते. जस्ताच्या कारखान्यात शुद्ध धातू एका बाजूने बाहेर पडतो आणि दुसऱ्या बाजूने अवशेषांचा ढीग. या ढिगात कॅडमियम, शिसे, तांबे, रौप्य, कोबाल्ट आणि बरेचसे जस्तही असते. त्यांतून हे धातू रासायनिक प्रक्रियेने परत मिळविण्याचे शास्त्र आज प्रगत झाले आहे. त्या शास्त्राचा परिचय करून घेतल्यास आपल्या मुषेत काय पडावे आणि काय पडू नये, याचा निर्णय अधिक डोळसपणे घेता येईल, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

जावर : प्राचीन भट्ट्या आणि त्यांचे अवशेष

जस्त मिळविण्यातील मुख्य अडचण त्याच्या स्वभावातच आहे. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळते आणि ९०७ अंशांवर उकळते. त्याच्या ऑक्साइडमधून कोळशाच्या साहाय्याने धातू मोकळा करण्यासाठी मात्र याहूनही अधिक उष्णता लागते. परिणामी धातू द्रवरूपाने न येता वाफेच्या रूपाने येतो आणि हवेचा स्पर्श होताच पुन्हा पांढरे ऑक्साइड बनून उडून जातो. ही वाफ बंद पात्रात धरून थंड करणे, हाच जस्तनिर्मितीचा खरा गाभा होय.

हे कौशल्य भारतीयांनी साध्य केले होते, याचा भौतिक पुरावा राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे उपलब्ध आहे. १९८३ पासून बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम व हिंदुस्थान झिंक यांनी संयुक्तपणे केलेल्या उत्खननात अधःपातनाच्या भट्ट्या सापडल्या. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुषा उलट्या लावून त्यांच्या खालच्या थंड कप्प्यात जस्ताची वाफ उतरविली जात असे. एकेका भट्टीत अशा ३६ मुषा बसत. रसरत्नसमुच्चयातील वृंताक मुषेचे वर्णन आणि ही रचना यांतील साम्य अभ्यासकांनी आवर्जून नोंदविले आहे. ज्वालेचा निळा रंग जाऊन ती पांढरी झाली म्हणजे सत्त्व निघाल्याची खूण समजावी, हा ग्रंथातील संकेतही प्रत्यक्ष निरीक्षणातूनच आलेला आहे. १९८८ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर मेटल्स या संस्थेने जावरला धातुशास्त्रीय इतिहासस्थळ म्हणून गौरविले.

वापरलेल्या मुषांचे ढीग आजही तेथे टेकड्यांसारखे पसरलेले आहेत आणि परिसरातील जुन्या भिंतींत याच मुषा विटांप्रमाणे रचलेल्या दिसतात. थोडक्यात, जस्ताच्या अवशेषांचा प्रश्न आणि त्यांचा पुनरुपयोग हे दोन्ही या व्यवसायाइतकेच जुने आहेत.

आधुनिक प्रक्रियेत अवशेष कसे निर्माण होतात

जावरच्या खाणींचे खनिज वापरण्यासाठी उदयपूरजवळच देबारी येथे १९६८ साली आधुनिक कारखाना सुरू झाला. तेथील पद्धत ही आज जगभर रूढ असलेली आर्द्र पद्धत होय. तिचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

प्रथम जस्ताचे गंधकयुक्त खनिज सुमारे ९५० अंशांवर हवेत भाजले जाते. गंधक वायुरूपाने निघून जातो व त्यापासून गंधकाम्ल तयार होते. मागे जस्ताचे ऑक्साइड उरते. हे ऑक्साइड त्याच गंधकाम्लाच्या सौम्य द्रावणात विरघळविले जाते. द्रावण शुद्ध करून त्यातून विद्युतप्रवाह सोडला असता ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर जस्ताचा थर जमतो. तो सोलून, वितळवून त्याच्या लाद्या ओततात. या जस्ताची शुद्धता ९९.९९५ टक्के इतकी असू शकते.

हे सारे सरळ वाटत असले, तरी खनिजातील लोह घोटाळा करते. भाजताना लोह व जस्त यांचा संयोग होऊन जस्त-फेराइट नावाचे संयुग बनते. ते सौम्य अम्लात विरघळत नाही. त्यामुळे जस्ताचा लक्षणीय अंश गाळातच अडकून राहतो. त्याच गाळात शिशाचे अविद्राव्य सल्फेट व रौप्यही बसते. पूर्वीच्या काळी हा गाळ साठवून ठेवण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे.

गाळातून धातू परत मिळविण्याचे मार्ग

या गाळाचे सोने करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

पहिला मार्ग अग्नीचा. गाळ कोळशाच्या भुकटीसह लांब, फिरत्या भट्टीत ११०० ते १२०० अंशांपर्यंत तापवितात. जस्त वाफ होऊन निघते, हवेत पुन्हा ऑक्साइड बनते आणि ते कापडी पिशव्यांच्या गाळणीत धरले जाते. तत्त्व पाहिले तर हे जावरच्या पातनाचेच भावंड होय. भेद एवढाच की, येथे धातूऐवजी त्याचे ऑक्साइड गोळा केले जाते. जस्तासोबत शिसे व कॅडमियम हेही उडून त्याच पिशवीत येतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

दुसरा मार्ग अम्लाचा. गाळ ९० अंशांहून अधिक तापमानाला तीव्र गंधकाम्लात ढवळला असता फेराइट फुटते आणि जस्त व लोह दोन्ही द्रावणात येतात. आता लोहाला जस्तापासून वेगळे कसे करावयाचे, हा प्रश्न उरतो. लोहाचा साधा हायड्रॉक्साइड चिकट व फुगीर असल्यामुळे गाळता येत नाही. १९६० च्या दशकात नॉर्वे, स्पेन व ऑस्ट्रेलिया येथील कारखान्यांनी स्वतंत्रपणे यावर तोड काढली. द्रावणात अमोनियम किंवा सोडियमचे क्षार मिसळले की लोह जॅरोसाइट या पिवळट, स्फटिकमय व सहज गाळता येणाऱ्या रूपात खाली बसते. जस्त वाचते, शिसे-रौप्याचा गाळ वेगळा काढून शिशाच्या भट्टीकडे पाठविता येतो.

किंमत मात्र मोजावी लागते. एक टन जस्तामागे साधारण अर्धा टन जॅरोसाइट उरते आणि त्यात जस्त, शिसे व कॅडमियम यांचे अंश राहतात. म्हणून ते उघड्यावर टाकणे धोक्याचे. आपल्याकडे चुना व सिमेंट मिसळून ते घट्ट करण्याची पद्धत अवलंबिली गेली असून अशा मिश्रणाचा रस्त्याच्या भरावात उपयोग करण्याविषयी केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेने अभ्यास केला आहे.

तिसरा अवशेष प्रमाणाने लहान, पण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. द्रावणातील तांबे, कॅडमियम, निकेल व कोबाल्ट काढून टाकण्यासाठी त्यात जस्ताचीच बारीक भुकटी टाकतात. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी सुरी बुडविली असता तिच्यावर ताम्र चढते, हे प्रत्येक वैद्याने पाहिलेले असते. तेच तत्त्व येथे आहे. अधिक क्रियाशील जस्त स्वतः विरघळते आणि कॅडमियमादी धातूंना द्रावणाबाहेर ढकलते. जमा झालेला हा काळसर लगदा पुन्हा गंधकाम्लात घोळवितात. कॅडमियम व जस्त विरघळतात, ताम्र मागे राहते. त्या द्रावणात नव्याने जस्ताची भुकटी टाकली की कॅडमियम सच्छिद्र स्पंजासारखे वेगळे होते. ते दाबून, वितळवून शुद्ध करतात. जगातील जवळजवळ सर्व नवे कॅडमियम अशा प्रकारे जस्ताच्या कारखान्यांतूनच उपपदार्थ म्हणून मिळते. इंडियम या धातूचाही मुख्य उगम हाच होय. १८६३ साली जर्मनीत त्याचा शोध लागला तोही जस्ताच्या खनिजातच.

कॅडमियम : खर्पराचा जुना सोबती

कॅडमियमच्या शोधाची कथा औषधनिर्मात्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. कारण हा धातू खाणीत नव्हे, तर औषधाच्या दुकानात सापडला. १८१७ साली जर्मनीतील हॅनोव्हर राज्यात फ्रीडरिश श्ट्रोमायर या रसायनशास्त्रज्ञाकडे औषधालयांच्या तपासणीचे काम होते. काही औषधालयांत जस्ताच्या ऑक्साइडऐवजी त्याचे कार्बोनेट ठेवलेले त्याला आढळले. चौकशीअंती कळले की, हे कार्बोनेट भाजले असता पांढरे ऑक्साइड न होता पिवळसर होते, म्हणून निर्माता ते भाजतच नव्हता. पिवळेपणा लोहाचा असावा असे प्रथमदर्शनी वाटले. परंतु परीक्षणात लोह सापडले नाही. अधिक शोध घेता एक नवाच धातू हाती लागला. त्याच सुमारास मॅग्डेबुर्ग येथे जस्ताच्या ऑक्साइडचा एक साठा सोमलाच्या संशयावरून जप्त झाला होता. तेथील पिवळा साकाही सोमलाचा नसून याच धातूचा ठरला.

या नव्या धातूला नाव दिले गेले ते कॅडमिया या प्राचीन शब्दावरून, आणि कॅडमिया म्हणजे आपले खर्पर. खर्पर व कॅडमियम यांचे साहचर्य असे नावातच कोरलेले आहे.

हे साहचर्य निरुपद्रवी नाही. जपानच्या तोयामा प्रांतात कामिओका येथील खाणीतून जिंझू नदीत गेलेल्या कॅडमियमने भातशेती दूषित झाली आणि विशेषतः प्रौढ स्त्रियांमध्ये अस्थी ठिसूळ होणे, असह्य वेदना व वृक्कविकृती असा व्याधी उद्भवला. इताई-इताई या नावाने तो ओळखला जातो. १९६८ साली जपान सरकारने त्याचे कारण कॅडमियम असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. कॅडमियम मुखावाटे अल्प प्रमाणातच शोषले जाते. परंतु शोषलेला अंश वृक्कांत साठून कित्येक वर्षे, किंबहुना दशके, तेथेच राहतो. दीर्घकाळ सेवन करावयाच्या कल्पांत हा मुद्दा निर्णायक ठरतो.

शोधन-मारणाने कॅडमियम जाते काय?

यशदाचे सामान्य शोधन तैल, तक्र, गोमूत्र, कांजी व कुलत्थक्वाथ यांत सात-सात वेळा ढालनाने आणि विशेष शोधन गोदुग्ध किंवा चूर्णोदकात होते. त्यानंतर अपामार्गचूर्णासह जारण व पुढे पुट दिले जातात. या संस्कारांचे प्रयोजन केवळ रासायनिक शुद्धी एवढेच नाही, हे आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि आधुनिक अर्थाने मिश्र धातू यातून वेगळे होतात काय, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारला पाहिजे.

कॅडमियम ३२१ अंशांवर वितळते व ७६७ अंशांवर उकळते. ढालनासाठी आपण जस्त त्याच्या वितळबिंदूच्या थोडेच वर नेतो. तेथे कॅडमियम जस्तात मिसळूनच राहते. जारणात दोन्ही धातूंचे ऑक्साइड होते आणि कॅडमियमचे ऑक्साइड आपल्या पुटांच्या उष्णतेला सहजी उडत नाही. कारखान्यात कॅडमियम वेगळे करण्यासाठी एक तर अम्लद्रावणात जस्तभुकटीचा प्रयोग करावा लागतो, नाही तर उंच मनोऱ्यांत आंशिक पातन करावे लागते. आपल्या संस्कारांत या दोहोंपैकी काहीच घडत नाही. शिशाबाबत परिस्थिती किंचित निराळी आहे. वितळबिंदूनजीकच्या जस्तात शिसे सुमारे एक टक्काच मिसळून राहते, अधिकचे जड असल्यामुळे तळाशी बसते. पण तो एक टक्काही औषधाच्या दृष्टीने फारच मोठा आहे.

तात्पर्य, जे मुषेत गेले तेच भस्मात आले. ग्राह्य धातूच घ्यावा, हा ग्रंथकारांचा आग्रह म्हणूनच शोधनाच्या आधी येतो.

वर्णाच्या परीक्षेसही येथे मर्यादा आहे. जस्ताचे शुद्ध ऑक्साइड तापविले असता पिवळे व निवल्यावर पांढरे होते. निवल्यानंतरही टिकणारा पिवळेपणा लोहामुळे, गंधकयुक्त संयुगामुळे किंवा कॅडमियममुळेही असू शकतो. निश्चंद्रत्व, रेखापूर्णत्व, वारितरत्व या परीक्षा भस्माची सिद्धी सांगतात. त्यातील परधातू सांगत नाहीत. ते काम उपकरणांचे आहे.

एक हिशेब

संख्येने पाहिल्यास गोष्ट स्पष्ट होईल. १ किलो जस्तापासून सुमारे १.२४५ किलो ऑक्साइड होते. ९९.९९५ टक्के शुद्धतेच्या जस्तात आंतरराष्ट्रीय मानकानुसार कॅडमियमची कमाल मर्यादा ०.००३ टक्के, म्हणजे दशलक्षांश ३० भाग आहे. त्याच्या भस्मात हे प्रमाण सुमारे २४ भाग होईल. १२५ मिलिग्रॅम मात्रेतून रुग्णाच्या पोटात ३ मायक्रोग्रॅम कॅडमियम जाईल.

आता ०.२ टक्के कॅडमियम असलेले हलक्या प्रतीचे जस्त घेऊ. त्याच्या भस्मात कॅडमियम सुमारे १६०० भाग येते आणि त्याच १२५ मिलिग्रॅम मात्रेतून सुमारे २०० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये सुचविलेली सह्य मर्यादा शरीरभाराच्या प्रत्येक किलोमागे दरमहा २५ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ती दररोज ५० मायक्रोग्रॅम पडते, आणि तीत अन्न-पाण्यातून येणारे कॅडमियमही धरावे लागते. म्हणजे हलक्या जस्ताच्या भस्माची एकच मात्रा दिवसाच्या मर्यादेच्या चौपट भरते. दोन्ही भस्मे खलात, दिसण्यात व वारितर परीक्षेत सारखीच असू शकतील, हे या प्रकरणातील खरे संकट आहे.

बाजारातील जस्ताचे प्रकार

फार्मसीकडे येणारे जस्त स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. पहिले प्राथमिक जस्त, म्हणजे कारखान्याच्या मूळ लाद्या. त्यांवर उत्पादकाची मुद्रा असते व त्यांचा खेप क्रमांक मिळू शकतो. दुसरे दुय्यम जस्त. हे मोडीतून व अवशेषांतून येते. लोखंडी पत्रे व नळ यांवर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कढईच्या तळाशी जमणारा लोहमिश्रित मळ, पृष्ठभागावरची क्लोराइडयुक्त राख, साच्यात ओतलेले ॲल्युमिनियममिश्रित सुटे भाग, पितळेच्या भट्टीतील राख, जुन्या कोरड्या विद्युतघटांची टरफले ही त्याची उगमस्थाने होत. मुलाम्याच्या कढईत शिसे पुष्कळदा जाणूनबुजून घातलेले असते आणि विद्युतघटांच्या टरफलांत शिसे व कॅडमियम ही परंपरेने मिसळली जात.

जस्ताची राख व मळ यांना आपल्या कायद्याने धोकादायक अवशेषांच्या नियमांत घातले आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे त्यांच्या पुनर्वापरासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती लागते. हा उद्योग योग्य रीतीने चालला तर तो देशहिताचाच आहे. राख धुऊन क्लोराइड काढणे, गंधकाम्लात विरघळविणे, चुन्याने लोह बसविणे, जस्तभुकटीने शिसे-कॅडमियम काढणे आणि मग जस्ताचे सल्फेट स्फटिकरूपाने मिळविणे, असा त्याचा क्रम आहे. खत म्हणून वापरावयाच्या झिंक सल्फेटमध्येही कॅडमियमची कमाल मर्यादा ०.००२५ टक्के ठरवून दिलेली आहे. शेतात टाकावयाच्या द्रव्याला जर एवढे बंधन असेल, तर मुखाने घ्यावयाच्या द्रव्याला त्याहून ढिले बंधन कसे चालेल? केवळ राख वितळवून ओतलेली लादी ही रासायनिक शुद्धीकरणातून गेलेली नसते. ती दिसावयास चकचकीत असली, तरी भस्मासाठी सर्वथा अग्राह्य समजावी.

निर्मात्यांसाठी सूचना

१. भस्मासाठी ९९.९९५ टक्के प्रतीचे प्राथमिक जस्तच मूळ लादीच्या रूपात घ्यावे. तुकडे, पत्रे, मोड किंवा पुन्हा ओतलेली लादी स्वीकारू नये.

२. विक्रेत्याकडून खेप क्रमांक असलेले विश्लेषणपत्र घ्यावे आणि लादीवरील क्रमांकाशी ते पडताळावे. प्रतीचे नाव केवळ कमाल मर्यादा सांगते. प्रत्यक्ष प्रमाण विश्लेषणपत्रातच कळते. एकाच प्रतीच्या दोन खेपांत कॅडमियम व शिसे कमी असलेली खेप निवडावी.

३. वर्षातून किमान एकदा, तसेच विक्रेता बदलल्यावर प्रत्येक वेळी, कच्चा धातू व तयार भस्म या दोहोंतील शिसे, कॅडमियम व सोमल यांचे प्रमाण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अणुशोषण किंवा तत्सम पद्धतीने तपासून घ्यावे.

४. शेड्यूल ‘टी’नुसार कच्च्या द्रव्याची नोंद ठेवणे आवश्यकच आहे. त्या नोंदवहीत धातूचा उगम व खेप क्रमांक यांचे रकाने स्वतंत्र ठेवावेत, म्हणजे तक्रार आल्यास भस्माच्या बरणीपासून लादीपर्यंत माग काढता येईल.

५. खर्पर म्हणून मिळणारे द्रव्य परीक्षणाविना वापरू नये. नैसर्गिक खर्परातही कॅडमियम असू शकते.

६. ढालन व जारण धूर बाहेर काढणाऱ्या यंत्रणेखालीच करावे. जस्ताच्या धुराने कामगारांस थंडी वाजून ज्वर येतो, आणि धातू अशुद्ध असल्यास त्या धुरात कॅडमियमही असते. रुग्णाआधी ते कामगारास बाधते.

७. ढालनात साचलेली साय व जारणातील न जळालेले कण उघड्यावर टाकू नयेत. चाळून धातू वेगळा करावा व उरलेला अंश अनुमतीप्राप्त पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा.

चिकित्सकांचेही यात कर्तव्य आहे. आपण ज्या निर्मात्याचे यशदभस्म वापरतो, त्याच्याकडे विश्लेषणपत्र मागण्याचा अधिकार आपणास आहे. दीर्घकाळ यशदकल्प घेणाऱ्या, विशेषतः वृक्कविकाराची शंका असलेल्या रुग्णांत ही चौकशी टाळू नये.

उपसंहार

१ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली, तेव्हा अनेकांना तो बाहेरून लादलेला जाच वाटला. त्या नियमातील कॅडमियमची ०.३ भागांची मर्यादा वनौषधींसाठी आहे. भस्माला ती तशीच लावणे युक्त नाही, कारण चूर्णाची मात्रा ग्रॅममध्ये व भस्माची मिलिग्रॅममध्ये असते. वर पाहिलेला हिशेबही हेच दर्शवितो. ०.३ भागांच्या ५ ग्रॅम चूर्णातून १.५ मायक्रोग्रॅम कॅडमियम जाते, तर उत्तम जस्ताच्या भस्ममात्रेतून फार तर ३ मायक्रोग्रॅम. हा युक्तिवाद आपण शासनापुढे व जगापुढे आत्मविश्वासाने मांडू शकतो. मात्र त्यासाठी आपले जस्त उत्तम असल्याचा लेखी पुरावा आपल्याजवळ हवा. हलक्या जस्ताच्या बाबतीत हा युक्तिवाद पहिल्याच आकड्याशी कोसळतो.

जस्ताच्या कारखान्याने गाळातून प्रत्येक धातू वेगळा करून त्याला त्याचे स्थान दिले. कॅडमियमचे स्थान विद्युतघटात आहे, शिशाचे शिशाच्या भट्टीत. किलोमागे थोडे पैसे वाचविण्यासाठी त्यांना पुन्हा यशदाच्या मुषेत आणू नये, एवढीच विनंती.